कृष्णाकाठ (आत्मचरित्र)

कृष्णाकाठ हे महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री आणि भारताचे माजी उपपंतप्रधान यशवंतराव बळवंतराव चव्हाण (१२ मार्च १९१३ – २५ नोव्हेंबर १९८४) यांचे मराठी आत्मचरित्र आहे. ते इ.स. १९८४ मध्ये, म्हणजे लेखकाच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी प्रकाशित झाले. जन्मापासून इ.स. १९४६ पर्यंतचा सुमारे तेहेतीस वर्षांचा काळ त्यात आला आहे. यशवंतरावांनी आत्मचरित्राचे एकूण तीन खंड योजले होते. पहिला कृष्णेच्या काठावरील जडणघडणीचा, दुसरा मुंबईच्या सागरतीरावरील राज्यकारभाराचा आणि तिसरा यमुनाकाठच्या दिल्लीतील कारकिर्दीचा. त्यांपैकी पहिलाच लिहून झाला. त्यामुळे ज्या पदांमुळे यशवंतराव देशाला माहीत झाले, त्यांपैकी एकाचीही हकीकत या पुस्तकात नाही. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री आणि परराष्ट्रमंत्री राहिलेल्या माणसाचे हे आत्मचरित्र तो संसदीय सचिव म्हणून मुंबईला निघतो तेथे संपते.

पार्श्वभूमी

यशवंतरावांना साहित्याची ओढ विद्यार्थिदशेपासून होती. राजकारणात असताना त्यांचे लेखन प्रामुख्याने भाषणांच्या व लेखांच्या संग्रहांतून पुढे आले. 'सह्याद्रीचे वारे' (१९६२) हा मुख्यमंत्रिपदाच्या काळातील भाषणांचा संग्रह, 'युगांतर' (१९७०) आणि 'ऋणानुबंध' (१९७५) ही त्यांतील ठळक नावे. 'ऋणानुबंध'मधील काही लेख आत्मपर आहेत. आजोळ, आई, नदी यांच्याविषयीच्या ज्या आठवणी पुढे 'कृष्णाकाठ'मध्ये विस्ताराने आल्या, त्यांचे पहिले रूप तेथे सापडते.

सलग आत्मचरित्र लिहिण्याची निकड मात्र उत्तरायुष्यात निर्माण झाली. इ.स. १९८० नंतर यशवंतराव सत्तेच्या केंद्रापासून दूर होते. इ.स. १९८२ मध्ये नेमलेल्या आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, पण त्या कामात पूर्वीची धावपळ नव्हती. १ जून १९८३ रोजी त्यांच्या पत्नी वेणूताई यांचे निधन झाले. एकेचाळीस वर्षांचा हा संसार होता आणि त्यांना अपत्य नव्हते. पुस्तक वेणूताईंना अर्पण केलेले आहे. ते वाचताना हा संदर्भ ध्यानात ठेवणे उपयोगी ठरते, कारण बेचाळीसच्या चळवळीवरील प्रकरणांत एका बाजूला जिल्ह्याचा उठाव आहे आणि दुसऱ्या बाजूला नुकत्याच लग्न होऊन आलेल्या मुलीला आपल्यामुळे सोसावे लागले याची जाणीव आहे.

शीर्षक

यशवंतरावांचा जन्म देवराष्ट्रे या आजोळच्या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे शिक्षण व सार्वजनिक जीवनाची सुरुवात कऱ्हाडला झाली. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना या नद्या समोरासमोर येऊन मिळतात. या संगमाला प्रीतिसंगम म्हणतात. पुस्तकातील नदी ही नुसती पार्श्वभूमी नाही. पोहणे, सभा, मित्रांशी चाललेल्या चर्चा, भूमिगत काळातील रात्रीचे प्रवास, असे बरेच काही तिच्या आसपास घडते.

आपल्या गावच्या नदीचे नाव आत्मचरित्राला देण्याचा प्रकार मराठीत याआधी प्रल्हाद केशव अत्रे यांनी केला होता. सासवडच्या कऱ्हा नदीवरून त्यांनी 'कऱ्हेचे पाणी' हे नाव घेतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्रे हे यशवंतरावांचे सर्वांत कडवे टीकाकार होते. दोघांची आत्मचरित्रे नद्यांच्या नावांनी ओळखली जावीत आणि दोघांनाही ती स्वतः पुरी करता येऊ नयेत, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

आशय

बालपण आणि आई

आरंभ देवराष्ट्रे गावाच्या वर्णनाने होतो. डोंगर, सागरेश्वराचे देवस्थान, ओढा, माळ आणि कष्टकरी आजोळ हे सारे लेखकाने सावकाश उभे केले आहे. आईचे बाळंतपण अवघड झाले तेव्हा आजीने सागरोबाला नवस बोलला की मुलीला यश दिलेस तर तुझी आठवण म्हणून मुलाचे नाव यशवंत ठेवीन. नावामागची ही कथा याच पुस्तकामुळे सर्वपरिचित झाली.

वडील बळवंतराव न्यायालयात बेलीफ होते. यशवंतराव लहान असतानाच ते प्लेगने गेले. त्यानंतर आई विठाबाई यांनी ज्ञानोबा, गणपतराव आणि यशवंत ही तीन मुले व मुलगी राधाक्का यांना वाढवले. विठाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण ओव्यांचा मोठा साठा त्यांच्या मुखी होता आणि जात्यावर बसल्यावर त्या स्वतःही ओव्या रचीत. लेखकाने आपल्या भाषेचे आणि संस्कारांचे मूळ त्या ओव्यांत शोधले आहे. गरिबीचे वर्णन करताना तो हळवा होतो, मात्र तिचे भांडवल करीत नाही. थोरल्या भावांनी स्वतःचे शिक्षण मागे ठेवून धाकट्याला शिकवले, हे तो अनेक ठिकाणी पुन्हा सांगतो. या पुस्तकात कृतज्ञता जितकी आहे तितकी फारच थोड्या राजकीय आत्मचरित्रांत आढळते.

शाळा, जात आणि राष्ट्रीय चळवळ

कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधील एक प्रसंग पुस्तकातील बहुधा सर्वाधिक उद्धृत झालेला प्रसंग असावा. मोठेपणी कोण होणार, हे प्रत्येकाने कागदावर लिहून द्यावे असे शिक्षकांनी सांगितले. इतर मुलांनी थोरामोठ्यांची नावे लिहिली. यशवंताने मात्र आपण यशवंतराव चव्हाण होणार असे लिहिले. व्याख्यानांतून आणि पाठांतून हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की तो बाणेदारपणाची बोधकथा होऊन बसला आहे. मूळ पुस्तकात तो तसा मोठ्या आवाजात सांगितलेला नाही. त्यात स्वतःच्या अहंकाराकडे पाहण्याची थोडी मिस्कील छटा आहे.

या भागातील अधिक महत्त्वाचा मजकूर ब्राह्मणेतर चळवळीविषयीचा आहे. सातारा जिल्हा हा सत्यशोधक विचारांचा बालेकिल्ला होता. बंधू गणपतराव त्या चळवळीकडे ओढले गेले होते, घरी त्या मताची वृत्तपत्रे येत आणि बहुजन समाजाच्या घरात काँग्रेसकडे संशयाने पाहिले जाई. अशा वातावरणात वाढलेला मुलगा राष्ट्रीय चळवळीत कसा गेला, हे लेखकाने बारकाव्याने सांगितले आहे. ब्राह्मणेतर चळवळीने मांडलेली विषमतेची तक्रार त्याला खरी वाटत होती. ब्रिटिश सत्तेशी जुळवून घेणारे तिचे राजकारण त्याला पटत नव्हते. तक्रार सोडायची नाही आणि लढा मात्र काँग्रेसच्या व्यासपीठावरून द्यायचा, ही जी भूमिका त्या पिढीतील अनेक बहुजन कार्यकर्त्यांनी घेतली, तिची कारणमीमांसा एका कार्यकर्त्याच्या बाजूने वाचायची असेल तर 'कृष्णाकाठ'ची ही पाने आवश्यक ठरतात. इ.स. १९३० नंतर महाराष्ट्रातील काँग्रेसचे सामाजिक स्वरूप पालटले. त्या बदलाचा हा आतून लिहिलेला वृत्तान्त आहे.

वळण देणारी घटना म्हणून लेखक जतींद्रनाथ दास यांच्या मृत्यूचा उल्लेख करतो. लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपोषण करून १३ सप्टेंबर १९२९ रोजी दास यांनी प्राण सोडले. वृत्तपत्रांतून ते उपोषण दिवसेंदिवस पाठ करणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला हा मृत्यू घरातला वाटला.

तुरुंग

२६ जानेवारी १९३२ रोजी कऱ्हाडला तिरंगा फडकवल्याबद्दल यशवंतरावांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. माफी मागितल्यास मुलगा सुटू शकेल असे एका शिक्षकांनी आईला सुचवले, तेव्हा तिने ते ठामपणे नाकारले आणि मुलाला प्रकृतीची काळजी घ्यायला सांगितले. हा प्रसंग पुस्तकात थोडक्यात येतो आणि त्यामुळेच तो लक्षात राहतो.

येरवड्याच्या तुरुंगाचे वर्णन एखाद्या विद्यापीठाचे वाटते. आचार्य भागवत, एस. एम. जोशी, ह. रा. महाजनी अशा वडीलधाऱ्यांचा सहवास येथे लाभला. गांधीवाद, समाजवाद आणि साम्यवाद यांवर वाद झडत होते, संस्कृत काव्य आणि इंग्रजी नाटके वाचली जात होती. मॅट्रिकही न झालेला तरुण येथून बाहेर पडताना मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे कुतूहल घेऊन निघाला.

कोल्हापूर, रॉय आणि वकिली

सुटकेनंतर मॅट्रिक होऊन यशवंतरावांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्रवेश घेतला. इ.स. १९३८ मध्ये ते बी.ए. आणि इ.स. १९४१ मध्ये पुण्याहून एल्एल.बी. झाले. नंतर त्यांनी कऱ्हाडला वकिली सुरू केली. या वर्षांच्या हकिकतीत घटना कमी आणि वैचारिक ओढाताण जास्त आहे. रॉय यांची बुद्धिनिष्ठा आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नाची मांडणी त्यांना जवळची वाटली. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर फॅसिझमविरोधी लढा म्हणून ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नांना साह्य करावे अशी भूमिका रॉय यांनी घेतली आणि तेथे यशवंतराव त्यांच्यापासून दूर झाले. रॉय यांच्याविषयीचा आदर मात्र लेखनात शेवटपर्यंत टिकलेला दिसतो. मतभेद झालेल्या माणसाविषयी कटू न लिहिणे हा या आत्मचरित्राचा स्वभावच आहे.

इ.स. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत दक्षिण साताऱ्यातून आत्माराम पाटील या शेतकरी कार्यकर्त्याला काँग्रेसची उमेदवारी मिळावी यासाठी यशवंतराव व त्यांच्या मित्रांनी खटपट केली आणि प्रचार करून त्यांना निवडून आणले. जिल्ह्याच्या राजकारणाची सूत्रे शहरी वकिलांकडून व सरदार-जहागीरदारांकडून ग्रामीण कार्यकर्त्यांकडे कशी सरकली, त्याचा हा प्रारंभीचा नमुना होय. यशवंतरावांचे पुढील संघटनकौशल्य ज्यांना अभ्यासायचे आहे, त्यांच्यासाठी हे प्रकरण मंत्रिपदाच्या आठवणींइतकेच मोलाचे आहे.

बेचाळीस

यशवंतराव आणि वेणूताई यांचा विवाह २ जून १९४२ रोजी झाला. दोन महिन्यांनी, ८ ऑगस्टला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि यशवंतराव भूमिगत झाले. तालुक्याच्या कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे नेण्याची योजना सातारा जिल्ह्यात आखली गेली. २४ ऑगस्टला कऱ्हाडचा मोर्चा निघाला, पुढे पाटण आणि तासगाव येथेही मोर्चे पार पडले. ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे पोलिसांनी गोळीबार केला. माणसे मारली गेली.

या गोळीबारांनंतर निःशस्त्र मोर्चांचा मार्ग पुढे चालू ठेवावा की नाही, हा प्रश्न कार्यकर्त्यांपुढे उभा राहिला. लेखकाने तो टाळलेला नाही. मोर्चांची आखणी करणाऱ्यांमध्ये आपण होतो आणि गोळ्या झेलणारे खेड्यांतील शेतकरी होते, याचे ओझे त्या पानांवर आहे. मोर्चे मागे पडून पुढे जिल्ह्यात भूमिगत गट उभे राहिले व त्यांतून नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार आकाराला आले. प्रतिसरकारचा सविस्तर इतिहास मात्र येथे शोधू नये.

घरावर आलेली संकटे याच भागात आहेत. वेणूताईंना अटक झाली. गणपतराव तुरुंगात गेले. थोरले बंधू ज्ञानोबा यांचे निधन झाले. तुरुंगातून सुटल्यावर वेणूताई आजारी पडल्या आणि फलटणला माहेरी होत्या. त्यांना भेटण्यासाठी यशवंतराव इ.स. १९४३ मध्ये फलटणला गेले आणि तेथेच पकडले गेले.

शेवट

इ.स. १९४६ च्या निवडणुकीत यशवंतराव मुंबई विधानसभेवर निवडून आले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात त्यांना संसदीय सचिवपद देऊ करण्यात आले. ते स्वीकारावे की नाही, याविषयी त्यांच्या मनात द्विधा होती आणि घरच्यांशी व सहकाऱ्यांशी बोलून त्यांनी होकार दिला. कऱ्हाड सोडून मुंबईला निघण्याच्या प्रसंगावर पुस्तक थांबते.

न लिहिलेले खंड

मुंबईत यशवंतराव ज्या गृहखात्यात रुजू झाले त्याचे मंत्री मोरारजी देसाई होते. पुढील तेहेतीस वर्षांत या दोघांचे मार्ग वारंवार एकमेकांना छेदत राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आलेल्या विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद मोरारजींनंतर यशवंतरावांकडे आले आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजींच्या सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव विरोधी पक्षनेते म्हणून यशवंतरावांनीच मांडला. मोरारजींनी आपले आत्मवृत्त अनेक खंडांत लिहिले. एस. एम. जोशी यांनी 'मी एस. एम.' लिहिले. काकासाहेब गाडगीळ यांचे 'पथिक' आहे. त्या काळाविषयी बहुतेक प्रमुख पात्रांची साक्ष उपलब्ध आहे आणि ज्याच्याकडे सर्वांत जास्त काळ सूत्रे होती, त्याचीच नाही.

ही उणीव काही ठिकाणी विशेष जाणवते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, इ.स. १९५५ मध्ये फलटण येथे, नेहरूंचे नेतृत्व आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची झाल्यास आपण नेहरूंची निवड करू अशी भूमिका यशवंतरावांनी घेतली. त्यावरून त्यांच्यावर द्रोहाचा आरोप झाला. पाचच वर्षांनी, १ मे १९६० रोजी, मुंबईसह महाराष्ट्र त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाखाली अस्तित्वात आला. ही भूमिका निष्ठा होती की डावपेच, याचे उत्तर दुसऱ्या खंडात मिळणे अपेक्षित होते.

तिसऱ्या खंडात इ.स. १९६९ ची काँग्रेसमधील फूट आली असती. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीच्या प्रश्नावर बंगळूर येथे यशवंतरावांनी नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूने मत दिले आणि पक्ष फुटल्यावर ते इंदिरा गांधी यांच्यासोबत राहिले. तसेच आणीबाणी आली असती. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली तेव्हा ते परराष्ट्रमंत्री होते आणि त्यांनी पद सोडले नाही. त्याच वर्षी कऱ्हाडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव होते आणि अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी त्याच व्यासपीठावरून जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. त्या दिवशी समोर बसलेल्या स्वागताध्यक्षांच्या मनात काय चालले होते, हे त्यांच्या लेखणीतून आलेले नाही. टीकाकारांनी त्यांना कुंपणावरचा नेता म्हटले. 'कृष्णाकाठ'मधील तरुण आईच्या ठाम नकारामुळे माफी न मागता तुरुंगात राहिलेला आहे. हे दोन यशवंतराव जोडून पाहण्याचे काम वाचकावरच येऊन पडते.

काही अंशी ही पोकळी इतर साधनांनी भरून निघाली आहे. संरक्षण मंत्रालयात त्यांचे खासगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी वेणूताईंना परदेश दौऱ्यांतून लिहिलेली पत्रे 'विदेश-दर्शन' या नावाने संपादित केली, इ.स. १९६२ ते १९६५ या काळातील संरक्षणमंत्रिपदावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि इ.स. १९६५ च्या भारत-पाक युद्धकाळातील यशवंतरावांची दैनंदिनी इ.स. २००७ मध्ये प्रसिद्ध केली. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब क्षेत्रात हवाई दल वापरण्यास त्यांनी काही मिनिटांत संमती दिली, त्या दिवसांची ही नोंद आहे. दैनंदिनीतील भाषा तुटक, कामापुरती आहे. 'कृष्णाकाठ'मधील रमत जाणाऱ्या निवेदनाशी तिचे साम्य नाही, पण अधिकारपदावरील यशवंतरावांचा स्वतःचा आवाज तिच्यात सलगपणे ऐकू येतो.

भाषा आणि मूल्यमापन

'कृष्णाकाठ'ची भाषा साधी, संथ आणि बोलीच्या जवळची आहे. वाक्ये लहान असतात व माणसांची ओळख दोन-तीन ओळींत करून देण्याची हातोटी त्यात दिसते. व्यक्तिचित्रे हा पुस्तकाचा सर्वांत सरस भाग मानता येईल. आई, आजी आणि बंधू यांच्याबरोबरच आज विस्मरणात गेलेले अनेक तालुका कार्यकर्ते या पानांमुळे नोंदले गेले आहेत.

उणिवाही आहेत. सौजन्यामुळे काही मतभेद इतके सौम्य झाले आहेत की ते कशावरून झाले हेच अस्पष्ट राहते. निवडणुकीच्या राजकारणातील चुरस सांगताना लेखक हात आखडता घेतो. पुढील आयुष्याचा अनुभव कधी कधी तरुणपणातील निर्णयांवर मागून चढवल्यासारखा वाटतो आणि वीस वर्षांच्या मुलाच्या तोंडी सत्तरीतील मुत्सद्द्याचा तोल येतो. तारखा व घटनाक्रम यांसाठी पुस्तकाचा उपयोग करताना अन्य साधनांशी पडताळा घेणे इष्ट आहे, कारण लेखनाचा मुख्य आधार स्मरण आहे.

यशवंतरावांच्या जीवनावर आधी लिहिल्या गेलेल्या चरित्रांत रामभाऊ जोशी यांचे 'यशवंतराव : इतिहासाचे एक पान' हे महत्त्वाचे आहे. 'कृष्णाकाठ' प्रसिद्ध झाल्यानंतरच्या चरित्रकारांनी इ.स. १९४६ पूर्वीच्या काळासाठी बहुधा याच पुस्तकाचा आधार घेतला आहे. परिणामी त्या काळाची सर्व चरित्रांतील मांडणी जवळपास सारखी दिसते आणि मतभिन्नता सुरू होते ती इ.स. १९४६ नंतर.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांची हत्या झाली. त्यानंतर महिन्याच्या आत, २५ नोव्हेंबरला, यशवंतरावांचे दिल्लीत निधन झाले. त्यांची समाधी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर आहे. त्यांचा ग्रंथसंग्रह कऱ्हाडमधील वेणूताई चव्हाण स्मारकात ठेवलेला आहे.